आधी टेकडी, मग वाळू

शाळेच्या सहलीचा प्रस्ताव करताना आपल्याकडे काय काय जोडतात ते पाहा. मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, सोबतच्या शिक्षकांची नावं, गाडीची कागदं, मुक्कामाचा पत्ता, प्रथमोपचार पेटी घेतल्याची नोंद. समुद्रकिनारा असेल तर आणखी एक हमीपत्र, की विद्यार्थी पाण्यात उतरणार नाहीत. एवढ्या गठ्ठ्यात त्या दिवशीची तिथी मात्र सहसा कुठे लिहिलेली नसते. समुद्रावर माणसं घेऊन जाणाऱ्याला सगळ्यात आधी माहीत हवी ती तिथीच.

खानदेशातून कोकणात जाणाऱ्या सहलींवर सरसकट बंदी नको, आणि हमीपत्राच्या भरवशावरही त्या सोडू नयेत. किनाऱ्याला लागून असलेली सोपी टेकडी आधी चालायची, समुद्र वरून पाहायचा, मग वाळूवर यायचं, हा क्रम सहलीच्या मंजुरीतच बांधून टाकावा, असं माझं म्हणणं आहे. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे ही आपल्याकडच्या सहलींची नेहमीची दोन ठिकाणं. दोन्हीकडे देवळामागे टेकडी आहे, प्रदक्षिणेची वाट आहे आणि पायथ्याशी गर्दीचा किनारा आहे. दोन्हीकडे दर्शन झालं की बहुतेक गट थेट पाण्याकडे पळतो.

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींच्या अटी कडक केल्या. समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशी टाळायच्या ठिकाणांची यादीच आली. हेतूबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही. पण समुद्र आणि टेकडी एकाच रांगेत बसवली तिथे चूक झाली. समुद्र कसा वागतो हे ज्या जागेवरून दिसतं, तीच जागा यादीने धोक्याच्या रकान्यात टाकली. मुख्याध्यापकांनी यादीचा सोपा अर्थ लावला. कुणी कोकण रद्द करून टाकलं, कुणी कागदावर फक्त ‘देवदर्शन’ लिहिलं आणि गाडी किनाऱ्यावर नेली. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण जे कागदावरच नाही त्याची तयारी कोण करणार?

बंदी घालून मुलं समुद्रापासून लांब राहतात असंही नाही. शाळेने न नेलेला मुलगा पाच-सात वर्षांनी मित्रांबरोबर भाड्याच्या गाडीतून जातो. तेव्हा सोबत शिक्षक नसतो, शिट्टी नसते आणि समुद्राची ओळखही नसते. असते ती विहिरीची ओळख. आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा विहिरीत शिकलेला असतो, नाहीतर गिरणेच्या किंवा तापीच्या डोहात. विहिरीचं पाणी उभं असतं, चार हात मारले की कठडा हाताला लागतो. डोहाला काठ असतो. समुद्रात ह्यातलं काही नाही. लाट परतताना पायाखालची वाळू काढून घेते, कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस एका पावलात गळ्याएवढ्या पाण्यात जातो, आणि मग तो विहिरीत शिकल्याप्रमाणे सरळ काठाकडे हात मारत राहतो. ओढ उलट्या दिशेने असेल तर तेवढ्यातच दम संपतो. पोहता न येणारा निदान घाबरून काठावर थांबतो, विहिरीवर तयार झालेला थांबत नाही.

आता तिथीकडे येतो. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर कॅलेंडर असतं, पण त्यातली तिथी आपण उपास आणि लग्नापुरती बघतो. किनाऱ्यावरची माणसं तीच तिथी पाण्यासाठी बघतात. हिशेब पाऊणकीचा आहे. तिथीचा आकडा घ्या, शुक्ल पक्षातली असो की वद्य पक्षातली, त्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून हीच वेळ दिवसा आणि रात्री, थोड्या फरकाने, दोनदा येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-पाऊण तास पुढे सरकतं. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे अर्धा-एक तास इकडे तिकडे होतो, म्हणून गावात पोचल्यावर कुणा कोळ्याला किंवा मुक्कामाच्या मालकाला विचारून ताळा करायचा. मोबाइलवर बघणार असाल तर मुंबईची वेळ घेऊ नका, श्रीवर्धनची किंवा बाणकोटची घ्या. आणि ती घरूनच कागदावर उतरवून न्या, खडकावर नेटवर्कचा भरवसा नाही.

हरिहरेश्वरला हा हिशेब चुकला की काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण तिथे टेकडीची वाटच भरती-ओहोटीच्या हाती आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या कुशीत हे गाव. सावित्री नदी महाबळेश्वरहून निघून इथेच, बाणकोटच्या खाडीतून, समुद्राला मिळते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं दर्शन झालं की देवळामागून वाट टेकडीवर चढते. चढ किरकोळ आहे, आजीबाईसुद्धा थांबत थांबत चढतात. वर आलं की समोर उघडा समुद्र. तिथून दोन खडकांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात, आणि त्या संपतात तिथून समुद्राला लागून असलेल्या खडकाच्या ओट्यावरून चालत, टेकडीला वळसा घालून वाळूवर आणि वाळूवरून परत देवळाशी. सावकाश चाललं तर तास-सव्वातास. भूगोलाच्या पुस्तकात ‘तरंगघर्षित मंच’ म्हणून जी आकृती असते ना, तो हा ओटा. कड्याच्या पायथ्याला लाटांनी पोखरलेल्या गुहा आहेत. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात मुरतात, सुकतात, मिठाचे कण आत फुगतात आणि दगड कण-कण सुटत जातो. दगड मात्र आपल्याच ओळखीचा, धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याखाली आहे तोच काळा बसाल्ट. नववी-दहावीच्या मुलांना ह्या तासाभरात जेवढा भूगोल दिसेल तेवढा वर्गात वर्षभरात दिसत नाही.

अडचण ह्या ओट्याचीच. ओहोटीला तो कोरडा आणि रुंद असतो. भरतीला लाट थेट कड्यावर आपटते आणि वाट उरत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये माणूस.

आता एक दिवस हिशेबाला घेऊ. मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. ऐन सहलीच्या हंगामात येते, सुट्टी जोडून मिळाली तर गाड्या हमखास निघतात. आदल्या संध्याकाळी जळगाव-भुसावळकडून निघालेली बस सकाळी सातच्या आत-बाहेर पोचते. पौर्णिमेची भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला होऊन गेली. सातला मुलं उतरतात तेव्हा ओटा अजून बराच उघडा असतो, पाणी लांब दिसतं. कुणीतरी म्हणतं, ऊन व्हायच्या आत प्रदक्षिणा उरकून घेऊ. इथेच घात आहे. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पौर्णिमेच्या उधाणाला पातळीतला फरक तीन मीटर धरला, तर सात ते नऊ ह्या दोन तासांत दीड मीटर पाणी वाढतं, म्हणजे सातवीतल्या मुलाच्या उंचीएवढं. आणि नेमके हेच दोन तास चाळीस मुलांची रांग त्या ओट्यावर असते.

त्याच दिवशी तीच वाट बिनघोर कशी चालायची? सकाळी पायऱ्यांच्या माथ्यापर्यंतच जायचं, खाली उतरायचं नाही. तिथे बसून मुलांना पाणी चढताना दाखवायचं. समोरचा एखादा ठळक खडक धरायचा आणि दर दहा मिनिटांनी तो किती बुडाला ते वहीत लिहायला लावायचं. तासाभरात बाराव्या भागाचं गणित डोळ्यांसमोर उतरतं. मग नाश्ता, मुक्कामावर झोप, जेवण. दुपारी चारला पुन्हा वर यायचं. ओहोटी साडेपाचच्या सुमाराला, म्हणजे उतरतं पाणी आहे. चारला खाली उतरलं तर सव्वापाचपर्यंत वाळूवर येता येतं. डिसेंबरात तिकडे सहाच्या थोडं पुढे सूर्य मावळतो, तेव्हा त्याहून उशीर नको.

ह्यातून साधा नियम निघतो: ओहोटीच्या दीड तास आधी खाली उतरायचं आणि ओहोटी व्हायच्या आत ओट्यावरून बाहेर पडायचं. दीड तासच का? चालत्या माणसाला एवढा वेळ लागत नाही. पण शेवाळावरून एखाद्याचा पाय मुरगळला, तर त्याला दोघांनी खांद्यावर घेऊन चालताना तिप्पट वेळ जातो. तो वेळ उतरत्या पाण्यात खर्च व्हायला हवा, चढत्या पाण्यात नव्हे. ह्या नियमाने सकाळच्या फेरीला द्वितीया, तृतीया, चतुर्थी बरी. ओहोटी सव्वासात ते पावणेनऊच्या दरम्यान. दुपारच्या फेरीला द्वादशी ते चतुर्दशी. ओहोटी सव्वातीन ते पावणेपाच. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी येते आणि ती भांगाची असते, पाणी पुरेसं मागे जातच नाही. अशा दिवशी माथ्यावरूनच परतावं. प्रदक्षिणा अर्धवट सोडली म्हणून देव रागावतो असं म्हणणारा एखादा गटात निघतोच. त्याला सांगावं, माथ्यावरून मागे फिरलं तरी काळभैरवाचं दर्शन पुन्हा होतंच.

तिथी आणि घड्याळ दोन्ही बरोबर असूनही खडकाकडे बघायचं सोडायचं नाही. पायऱ्यांच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं थांबून लाटा मोजाव्यात. लाटा सारख्या नसतात. पाच-सात लहान येतात आणि मग दोन-तीन मोठ्या. मोठीचा फटकारा कुठवर येतो ते खडकच सांगतो, तिथवर तो ओला आणि काळपट असतो, खाली हिरवं शेवाळ. पाऊल कोरड्या खडकावरच. पुढच्या वळणावर कोरडा पट्टा दिसत नसेल तर वळण घ्यायचं नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत, कारण मोठी लाट नेमकी दिसत नाही. पायात रबरी चप्पल नको, ती ओल्या बसाल्टवर साबणासारखी घसरते. मागे पट्टा असलेले सँडल किंवा खालून खाचा असलेले बूट हवेत. अनवाणी प्रदक्षिणेचा आग्रह असेल तर तो वरच्या वाटेपुरता ठेवावा. खाली खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हात मोकळे, सामान पाठीवर.

गणपतीपुळ्याची गोष्ट उलटी आहे. तिथे टेकडीलाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला. साधारण एक किलोमीटरची बांधलेली वाट, भरती-ओहोटीचा तिला त्रास नाही, वीस-पंचवीस मिनिटांत होते. वाट निर्धोक, पण किनारा फसवा. वाळूचा उतार तीव्र आहे, चार पावलांत खोली वाढते, आणि परतणाऱ्या पाण्याला ओढ असते. इथे टेकडी वेगळ्या कामाची आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं की सगळं पाणी सारखंच दिसतं. थोडं उंचावरून पाहिलं की पट्टे दिसू लागतात. पांढऱ्या फुटणाऱ्या लाटांच्या मध्येच एखादा गडद, शांत पट्टा असतो, तिथे लाट फुटत नाही. नीट पाहिलं तर त्यातून फेस आणि गढूळ पाणी समुद्राकडे चाललेलं दिसतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायची ही वाट. खालून बघणाऱ्याला मात्र तोच पट्टा सगळ्यात बिनधोक वाटतो, लाट नाही, खळखळ नाही, म्हणून माणसं मुलांना घेऊन नेमकी तिथेच उतरतात. वरून एकदा हा पट्टा बोटाने दाखवला की मुलं तो विसरत नाहीत. ‘पाण्यात जाऊ नका’ हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. ‘त्या गडद पट्ट्यात जाऊ नका’ हे पहिल्यांदा ऐकतात, आणि का ते समोर दिसत असतं.

त्यातूनही कुणी ओढीत सापडलंच, तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, पट्ट्याच्या बाहेर पडेपर्यंत पोहायचं. पट्टा फार रुंद नसतो. वाचवायला मागोमाग उडी टाकणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. त्याने दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावं. हेसुद्धा टेकडीवर बसून सांगायचं. वाळूवर कुणी ऐकत नाही.

ह्यावर एक अडचण हमखास काढली जाईल, की तिथीचा एवढा हिशेब हाती आला की लोक त्याच्याच जोरावर पाण्यात उतरतील. ती शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर मुरूडच्या दिवसातच आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला पौष वद्य अष्टमी होती. अष्टमीची भरती भांगाची, महिन्यातल्या सौम्य भरतींपैकी. तरी १४ मुलं गेली. तेव्हा तिथीचा उपयोग वाट केव्हा उघडी आहे हे ठरवण्यापुरता. पाण्यात उतरायला कुठलीच तिथी परवाना देत नाही. शाळेच्या गटाला घोट्याएवढं पाणी, तेही एका वेळी दहा मुलं, आणि दोन मोठी माणसं त्यांच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला उभी. शिक्षक काठावर वाळूत बसलेले आणि मुलं पाण्यात, हे चित्र आपल्याकडे नेहमीचं आहे, ते उलटं व्हायला हवं.

शिक्षकांची बाजू मात्र सोपी नाही. चाळीस मुलं आणि चार शिक्षक, त्यातले दोघे रात्रभर गाडीत जागे. त्यांना आणखी एक काम लावायचं? मला वाटतं टेकडीने त्यांचं काम कमी होतं. वाळूवर मुलं अर्धा किलोमीटर पसरतात, त्यांची मोजणी होऊच शकत नाही. पायवाटेवर रांग आपोआप लागते. एक शिक्षक पुढे, एक सगळ्यात मागे, दोघे मध्ये. मोजणी तीन ठिकाणी: पायऱ्यांच्या माथ्यावर, पायऱ्या संपताना आणि वाळूला पाय लागताना. मुलांना आधीच जोड्या लावून द्यायच्या, आपला जोडीदार दिसत नसेल तर ओरडायचं एवढंच त्यांचं काम. शिट्टी एक वाजली की थांबा, तीन वाजल्या की आहे तिथून मागे फिरा. आणि तासभर चाललेली, थोडी दमलेली, समुद्र पाहून झालेली मुलं वाळूवर उतरतात तेव्हा बसमधून सुटलेल्या मुलांसारखी धावत सुटत नाहीत. ह्या शेवटच्या फायद्याचं मोल शिक्षकांनाच कळेल.

दमण्याचा विषय निघाला तर आपल्या माणसाची एक गफलत सांगायला हवी. जळगावला ४४ अंशांत वावरणाऱ्याला कोकणातले ३२-३३ अंश म्हणजे काहीच वाटत नाही. पण आपलं ऊन कोरडं. घाम आला की लगेच उडतो आणि अंग निवतं. किनाऱ्यावर हवेतच पाणी भरलेलं, घाम सुकतच नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. तासाभराच्या चालीत आपलाच धट्टाकट्टा मुलगा मळमळतंय म्हणून बसतो. माणशी एक लिटर पाणी तासाभराच्या वाटेलाही लागतंच, सोबत मीठ-साखर-लिंबू. खायला बरोबर नेलेल्या दशम्या ठीक, पण चढणीआधी शेवभाजीचा रस्सा नको. रावेर-यावलची केळी पिशवीत घातली की काम झालं, फक्त साली परत पिशवीतच.

कोकण कशाला, सातपुडा आहे की, असंही म्हणणारे आहेत. तोरणमाळ आहे, मनुदेवी आहे, सातपुड्याबाहेर सातमाळ्यात पाटणादेवी आहे. जरूर जावं, आणि त्या जागा कोकणच्या सहलीच्या आधी याव्यात हे तर मी आग्रहाने म्हणेन. धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच लळिंगचा किल्ला आहे. सहलीच्या महिनाभर आधीच्या एखाद्या रविवारी त्याच मुलांना तिथे चढवून आणा. चाळीसगावच्या शाळांनी पाटणादेवी घ्यावी, यावल-चोपड्याच्या शाळांनी मनुदेवी. कुणाच्या पायात नीट पादत्राण नाही, कुणाला दम लागतो, कोण रांग मोडतो ते घराजवळच कळतं. आणि गटाला लागणारा वेळ कळतो. एकटा माणूस पाऊण तासात उरकतो ती वाट चाळीसच्या रांगेला दीड तास खाते. हा आकडा हातात नसेल तर वरचं भरती-ओहोटीचं सगळं गणित फुकट. पण सातपुडा हा समुद्राला पर्याय नव्हे. आपली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या काठच्या मुलाने भरती म्हणजे काय हे कॉलेजात जाईपर्यंत पाहिलेलं नसतं. सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या नंदुरबारकरांना तर हे जास्त माहीत हवं. खंभातच्या आखाताकडे भरतीचा चढ कोकणापेक्षा बराच मोठा, किनारा सपाट, ओहोटीला पाणी लांब जातं आणि परतताना तेवढ्याच झपाट्याने येतं. वर चढून बघायला तिथे टेकडीही नाही. म्हणून नंदुरबारच्या शाळांची पहिली समुद्र-सहल टेकडी असलेल्या किनाऱ्यावरच जावी, लांब पडली तरी.

किनाऱ्यावरच्या व्यवस्थेबद्दलही बोलता येईल. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमण्याची पद्धतशीर व्यवस्था उभी केली. आपल्याकडे ती तशी सगळीकडे नाही. फलक लावलेले असतात, पण त्यांवर ‘धोका’ एवढंच रंगवलेलं असतं. आजची भरती किती वाजता, हे खडूने लिहायला एक काळी पाटी पुरते. हरिहरेश्वरच्या पायऱ्यांच्या माथ्यावर अशी पाटी आणि भरतीच्या वेळी ओढायची एक साखळी असावी, अशी मागणी आपण तिथल्या ग्रामपंचायतीकडे पर्यटक म्हणून करू शकतो, त्यापुढे आपला हात जात नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागात मंजूर होणारा सहलीचा नमुना मात्र आपल्या हातातला आहे. त्यात बदल करायला मुंबईहून काही यावं लागत नाही, पानभर जागाही लागत नाही.

दत्तजयंतीच्या सहलीसाठी त्यात एवढंच भरलेलं असेल: तिथी पौर्णिमा, भरती सव्वाअकरा, ओहोटी साडेपाच. टेकडीच्या माथ्यावर सकाळी साडेसात ते साडेआठ, खाली उतरणे नाही. पायऱ्या उतरण्याची वेळ दुपारी चार, वाळूवर पोचण्याची सव्वापाच. सराव लळिंगला अमुक तारखेला, चाळीस मुलांना लागलेला वेळ इतका. ओट्यावर कोरडा खडक न दिसल्यास मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा, त्या शिक्षकाचं नाव आणि सही.